वाचकांचे प्रश्न : रोबोटला कोणते सुटे भाग चालतात?

या महिन्यात आलेली बरीच पत्रे शालेय आणि महाविद्यालयीन रोबोटिक्स स्पर्धांविषयी आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना एकाच गोष्टीने अडवले आहे : रोबोटमध्ये कोणता सुटा भाग लावता येतो आणि कोणता नाही. इंदूरच्या शाळांमधून या स्पर्धांची हौस वाढते आहे, पण नियमपुस्तके इंग्रजीत आणि जाडजूड असल्यामुळे घरोघरी ऐकीव माहितीवरच काम चालते, असे या पत्रांवरून दिसते. काही निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेची टीम व्हेक्स कंपनीच्या संचांवर खेळल्या जाणाऱ्या व्हेक्स व्ही५ स्पर्धेची तयारी करते आहे. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असल्यामुळे मुलांनी सेन्सर बसवण्याचा एक कंस (ब्रॅकेट) थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतला होता, तो मार्गदर्शक शिक्षकांनी काढायला लावला. आमच्या शेजारच्या मुलाच्या रोबोटमध्ये मात्र निम्मे भाग छापलेले आहेत आणि त्याची टीम राज्याबाहेर जाऊन खेळून आली. एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, हे कसे? — एक पालक, लोकमान्य नगर

उत्तर : शिक्षकांचे बरोबर आहे आणि शेजारच्या मुलानेही बहुधा नियम मोडलेला नाही. आपल्या वर्णनावरून तो फर्स्ट टेक चॅलेंज ही वेगळी स्पर्धा खेळत असावा. या दोन्ही स्पर्धांत सामना सुरू होताना रोबोट १८ इंच लांबी, रुंदी आणि उंचीच्या चौकटीत बसावा लागतो, दोन्हींत दोन-दोन संघांची युती दुसऱ्या युतीशी खेळते, त्यामुळे प्रेक्षकांत बसलेल्या माणसाला त्या सारख्याच वाटतात. सुट्या भागांच्या बाबतीत मात्र त्यांची रीत एकमेकींच्या उलट आहे.

नियमपुस्तक हातात आल्यावर सर्वांत आधी एवढेच शोधावे की, ज्या वस्तूचा उल्लेख नाही ती चालते की चालत नाही. व्हेक्स व्ही५च्या शालेय गटातील यादी बंद आहे : व्हेक्सने त्या स्पर्धेसाठी तयार केलेले भाग आणि त्याखेरीज नियमांत नाव घेऊन सांगितलेल्या मोजक्या वस्तू चालतात, बाकी काहीही चालत नाही. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या वस्तूला तेथे केवळ शोभेपुरती किंवा संघाच्या क्रमांकाच्या पाटीपुरती जागा आहे. छापलेला तुकडा सेन्सरला आधार देऊ लागला की तो शोभेचा राहत नाही, मग तो कितीही लहान असो. फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये मोटारी, बॅटरी आणि नियंत्रक (रोबोट चालवणारा छोटा संगणक) यांच्यापुरती यादी बंद आहे, परंतु सांगाड्याच्या बाबतीत ती बरीच खुली आहे. तेथे ॲल्युमिनियमची पट्टी, लाकूड, प्लास्टिकचा पत्रा, छापलेले भाग हे सारे चालते. गंमत म्हणजे व्हेक्सच्याच विद्यापीठ गटात स्वतः बनवलेल्या आणि छापलेल्या भागांना मुभा आहे, त्यामुळे मुलांनी यूट्यूबवर व्हेक्सचा रोबोट पाहिला तर तो कोणत्या गटाचा आहे हे आधी तपासावे.

आता त्या कंसाचे काय करायचे, हा खरा प्रश्न. व्हेक्सच्या शालेय गटात न तडकणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यातून काही भाग कापून वापरण्याची सोय आहे. अलीकडच्या हंगामांत ही मर्यादा १२ तुकड्यांची, प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ४ इंच बाय ८ इंच आणि ०.०७० इंच जाडीचा, अशी आहे. पॉलिकार्बोनेट चालते. ॲक्रिलिक चालत नाही, कारण धक्का लागला की ते तडकून त्याचे धारदार तुकडे मैदानावर उडतात. येथे दोन ठिकाणी फसगत होण्याचा संभव आहे. दुकानाच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे पारदर्शक पत्रा मागितला तर बहुतेक वेळा ॲक्रिलिकच हातात पडते, तेव्हा पॉलिकार्बोनेट असे स्पष्ट नाव घेऊन मागावे. दुसरे असे की, ०.०७० इंच म्हणजे साधारण १.७८ मिलिमीटर, म्हणजे २ मिलिमीटरचा पत्रा, डोळ्यांना फरक दिसला नाही तरी, नियमाबाहेर जातो. १.५ मिलिमीटरचा घ्यावा. तो कापता येतो, त्याला भोके पाडता येतात, वाकवता येतो. वितळवून नवा आकार ओतायला मात्र परवानगी नाही.

नटबोल्टच्या बाबतीत हीच बंद यादी बरीच उदार आहे. एम३, एम३.५ आणि एम४ मापांचे, अडीच इंचांपर्यंत लांबीचे साधे बाजारी स्क्रू चालतात, म्हणजे सियागंजातून घेतलेला एम४ बोल्ट तपासणीत अडणार नाही. तो अडेल तो व्हेक्सच्या नटमध्ये. व्हेक्सचे नट इंची मापाचे आहेत, त्यांच्या आट्यांतील अंतर सुमारे ०.७९ मिलिमीटर असते आणि एम४चे ०.७ मिलिमीटर. पहिले दोन-तीन आटे बसतात आणि मग बोल्ट अडकतो. तेव्हा एम४ बोल्ट घेतले तर नटही एम४चेच घ्यावेत आणि दोन्ही प्रकार वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत.

प्रश्न : स्पर्धेच्या यादीतील मोटार बाहेरून मागवावी लागते आणि ती महाग पडते. महाराणी रोडवर १२ व्होल्टची, ३०० आरपीएमची (मिनिटाला ३०० फेऱ्यांची) जॉन्सन गिअर मोटार सहज मिळते. व्होल्टेज आणि आरपीएम दोन्ही जुळत असताना ती का नाकारली जाते? कामगिरी तर सारखीच असणार. — विज्ञान शिक्षक, सुदामा नगर

उत्तर : कामगिरी सारखी असेलच असे नाही. मोटारीवर छापलेले आरपीएम बहुधा तिच्यावर काहीही भार नसतानाचे असतात. ती किती जोर लावू शकते हे त्या आकड्यावरून कळत नाही. डीसी मोटारीची कमाल शक्ती साधारणपणे तिचा वेग निम्म्यावर आलेला असताना मिळते आणि तिचा हिशोब करायला, मोटार पूर्ण अडवून धरल्यावर ती किती पीळ (टॉर्क) देते, तो आकडाही लागतो. एकाच व्होल्टेजच्या आणि एकाच आरपीएमच्या दोन मोटारींत हा पीळ दुप्पट-तिप्पट वेगळा असू शकतो, आणि अडवून धरलेली मोटार किती विजेचा प्रवाह ओढते हेही त्याच प्रमाणात बदलते. तपासनिसाला मैदानाच्या कडेला उभे राहून हे मोजता येणार नाही, म्हणून आयोजक मोटारींची नावेच ठरवून देतात.

विजेची सुरक्षितताही यात येते. फर्स्ट टेक चॅलेंजच्या मुख्य बॅटरीच्या वायरीत २० अँपिअरचा फ्यूज असतो. नियंत्रकाचे प्रत्येक मोटारीसाठीचे जोडस्थान ठरावीक प्रवाहासाठी बनवलेले असते, आणि अनोळखी मोटार त्याहून जास्त प्रवाह ओढू लागली तर सामन्याच्या मधोमध रोबोट बंद पडतो किंवा नियंत्रक जळतो. त्या स्पर्धेत मोटारींची संख्याही जास्तीत जास्त ८ एवढी ठरलेली आहे.

व्हेक्स व्ही५मध्ये हा विचार आणखी पुढे नेलेला आहे. तेथील मोटारीच्या आतच इलेक्ट्रॉनिक्स बसवलेले असते आणि ते मोटारीची शक्ती ११ वॅटवर रोखून धरते, म्हणजे नवी बॅटरी असो वा जुनी, सर्वांच्या मोटारी शक्य तितक्या सारख्या चालाव्यात. २०२३-२४च्या हंगामापासून तेथे मोटारींच्या संख्येऐवजी एकूण शक्तीची मर्यादा आली : सर्व मोटारी मिळून ८८ वॅट. ११ वॅटच्या आठ मोटारी लावाव्यात, किंवा ११च्या सहा आणि ५.५च्या चार, दोन्ही हिशोब ८८ वरच येतात. वेग बदलायचा असेल तर मोटारीतील गिअरचे काडतूस (कार्ट्रिज) म्हणजे गिअरची डबी बदलता येते. लाल, हिरवे आणि निळे अशा तीन रंगांत ते अनुक्रमे १००, २०० आणि ६०० आरपीएमसाठी मिळते. मोटार उघडून आतील तारांना हात लावणे मात्र थेट बाद होण्याचे कारण आहे.

महाराणी रोडवरची जॉन्सन मोटार वाया जाऊ देऊ नये. खुल्या यादीच्या स्पर्धांत ती उत्तम चालते आणि मुलांना गिअर, भार आणि प्रवाह यांचा संबंध शिकवायला तिच्याइतके चांगले साधन थोडे असेल. स्पर्धेच्या रोबोटचा पहिला आराखडा तिच्यावर तपासून पाहावा, अंतिम रोबोटला यादीतील मोटार लावावी. खर्चही थोडा आटोक्यात राहतो.

प्रश्न : नातवाच्या फर्स्ट लेगो लीगच्या रोबोटसाठी लेगोसारखेच दिसणारे, लेगोच्या विटांत तंतोतंत बसणारे स्वस्त तुकडे बाजारात मिळतात. ते चालतील का? शाळेच्या कपाटात लेगोचे जुने ईव्ही३ रोबोट-संच पडून आहेत, त्यांचा काही उपयोग आहे का? — एक आजोबा, रामबाग

उत्तर : स्वस्त तुकडे चालणार नाहीत. या स्पर्धेत रोबोट लेगो कंपनीनेच बनवलेल्या आणि कारखान्यातून आल्या स्थितीतील भागांचा असावा लागतो. त्यांवर रंग, डिंक किंवा तेल नको आणि तुकडे कापणेही नको. अपवाद लेगोच्या दोरीचा आणि नळीचा, ती हव्या त्या लांबीची कापता येते. मोटारी जास्तीत जास्त चार. जुने ईव्ही३ संच खुशाल बाहेर काढावेत. कंपनीने त्यांची विक्री २०२१मध्ये थांबवली असली तरी स्पर्धेच्या नियमांत ते नियंत्रक मान्य राहिले आहेत. फक्त बॅटरी अजून चार्ज धरते का आणि वायरींच्या टोकांचे प्लास्टिक तुटलेले नाही ना, हे आधी पाहावे.

प्रश्न : आमच्या टीमच्या सीनिअर मुलाचे म्हणणे आहे की ड्रोनमध्ये असते तशी लिथियम-पॉलिमर बॅटरी लावली तर रोबोट हलका होईल. आम्ही फर्स्ट टेक चॅलेंज खेळतो. शिवाय स्पर्धेला विमानाने जायचे आहे, तेव्हा बॅटरी कोठे ठेवावी? — अकरावीचा विद्यार्थी, महू

उत्तर : रोबोट हलका होईल हे खरे, पण तो तपासणीपुढे जाणार नाही. फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये मुख्य बॅटरी एकच, १२ व्होल्टची, निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची आणि तीही यादीत नाव असलेलीच लागते. लिथियम-पॉलिमर बॅटरीला टोचले, चिरडले किंवा तिच्या दोन टोकांचा थेट संपर्क झाला तर ती पेट घेऊ शकते, आणि रोबोट तर एकमेकांवर आदळण्यासाठीच मैदानात उतरतात. व्हेक्स व्ही५ची बॅटरी लिथियमची असली तरी ती लिथियम आयर्न फॉस्फेट या तुलनेने शांत प्रकारची, १२.८ व्होल्टची आणि कडक कवचातील असते.

प्रवासाचे सांगायचे तर सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात ठेवता येत नाहीत, त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. हा आकडा व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकाराने काढतात : व्हेक्सची १२.८ व्होल्ट, १.१ अँपिअर-तासांची बॅटरी १४ वॅट-तासांच्या आसपास येते. आपली निकेलची बॅटरी या लिथियमच्या नियमात येत नाही, तरी तिच्या जोडणीच्या टोकावर टोपण किंवा चिकटपट्टी लावून ती वेगळ्या पिशवीत घालावी. वायरी लटकणाऱ्या पेटीकडे विमानतळावरच्या सुरक्षारक्षकांचे लक्ष जाणारच, तेव्हा शाळेचे पत्र वरच ठेवावे आणि देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर नेहमीपेक्षा लवकर पोहोचावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. आम्ही रोबोकॉन या महाविद्यालयीन स्पर्धेसाठी रोबोट बनवतो आहोत. काकांचा पीथमपूरला कारखाना आहे, तेथे सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कापण्याच्या यंत्रावर) भाग काढून घेतले तर चालेल का? सांगाड्याला कोणते साहित्य चालते याची यादी नियमपुस्तकात सापडत नाही. — एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : सापडणार नाही, कारण साहित्याची तशी यादी तेथे नसतेच. २००२मध्ये टोकियोत सुरू झालेली ही स्पर्धा खुल्या पद्धतीची आहे. तिचा विषय दरवर्षी यजमान देश ठरवतो; पुण्यात ती २००८ आणि २०१४ साली झाली आणि २०२२मध्ये दिल्ली यजमान असताना विषय चक्क आपली लगोरी होता. लगोरी रचणारा रोबोट ॲल्युमिनियमचा असावा की कार्बन फायबरचा, याच्याशी आयोजकांना देणेघेणे नसते. ते बंधने घालतात ती आकारावर, वजनावर आणि ऊर्जेवर. अलीकडच्या नियमपुस्तकांत वीजपुरवठा २४ व्होल्टपर्यंत आणि दाबलेल्या हवेचा दाब ६०० किलोपास्कलपर्यंत, म्हणजे सुमारे ६ बार, अशी मर्यादा दिसते. लेझर वापरायचा असेल तर डोळ्यांना इजा न करणाऱ्या वर्गातलाच लागतो. खुल्या यादीत तपासनीस भागाचे नाव विचारत नाही, तो मोजतो. म्हणून हवेच्या टाकीवरचा दाबमापक सहज दिसेल अशा जागी बसवावा आणि वजन करताना बॅटरी, वायरी आणि नियंत्रक धरून करावे.

काकांच्या कारखान्याविषयी : यंत्र त्यांचे वापरायला हरकत नाही, आराखडा मात्र तुमचा हवा. रोबोट संघाच्या विद्यार्थ्यांनीच संकल्पित करून बनवावा अशी या स्पर्धेची अपेक्षा आहे. ड्रॉइंग तुम्ही काढले, सहनमर्यादा म्हणजे टॉलरन्स तुम्ही ठरवला आणि तेथील कारागिराने तो भाग कापून दिला, तर ते कोणत्याही कारखान्यात होते तसेच झाले. पण पकडयंत्रणा कशी असावी हे काकांच्या अभियंत्याने ठरवले, तर परीक्षकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला तुम्ही अडखळाल. ड्रॉइंगच्या साऱ्या आवृत्त्या तारखांसह जपून ठेवा.

प्रश्न : या बंद याद्या म्हणजे कंपन्यांनी आपला माल खपवण्याची युक्ती नाही का? साध्या शाळेतील मुलांनी काय करावे? — एक पालक, इंदूर

उत्तर : त्यात व्यवसाय नाही असे म्हणता येणार नाही. जी कंपनी संच बनवते तिच्याच संचाची सक्ती असेल तर फायदा तिचा होतो, हे उघड आहे. तरीही बंद यादीच्या बाजूने एक मुद्दा मला पटतो. खुल्या यादीत ज्याच्या काकांचा पीथमपूरला कारखाना आहे त्याचे पारडे जड होते, बंद यादीत तोही त्याच पट्ट्या आणि त्याच मोटारी घेऊन बसतो. पैशाची दरी बंद यादीने मिटत नाही, कारण ज्याच्याकडे दोन संच आहेत तो सराव जास्त करतो, पण ती काही अंशी रोखली जाते. खुल्या स्पर्धांनाही तयार मालाची काळजी घ्यावी लागतेच : रोबोकप ज्युनिअरच्या बचाव गटात भाग कोणतेही चालतात, मात्र रेषेचा माग काढण्यासारखे स्पर्धेतील मुख्य काम आयते करून देणारा विकतचा संच किंवा सेन्सर वापरला तर संघ बाद ठरतो.

साध्या शाळेने आधी आपले कपाट पाहावे आणि मग स्पर्धा निवडावी. पुष्कळ ठिकाणी याच्या उलट घडते. अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६मध्ये सुरू झाली आणि तिच्यात निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. अशा शाळेत आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारे छोटे नियंत्रक), सेन्सर आणि थ्रीडी प्रिंटर आधीच असतात. त्यांना बंद यादीच्या स्पर्धेत काहीच किंमत नाही. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडच्या फ्यूचर इंजिनिअर्स गटात मात्र त्याच वस्तू उपयोगी पडतात. तेथे स्वतः चालणारी छोटी गाडी बनवायची असते, नियंत्रक आणि सेन्सर कोणत्याही कंपनीचे चालतात. बंधन आहे ते रचनेचे : गाडीला चार चाके आणि खऱ्या मोटारगाडीसारखे वळणारे स्टिअरिंग हवे, डाव्या-उजव्या चाकांचा वेग कमी-जास्त करून रणगाड्यासारखे वळणे चालत नाही. वजन दीड किलोच्या आत. मला हा गट आपल्याकडच्या शाळांसाठी फार योग्य वाटतो, कारण त्यात पैशापेक्षा प्रोग्रामिंगवर घालवलेला वेळ जास्त कामी येतो.

प्रश्न : मागच्या स्पर्धेत तपासणीत पास झालेला भाग पुढच्या स्पर्धेत नाकारला गेला तर दाद मागता येते का? — संघाचे मार्गदर्शक, ग्वाल्हेर

उत्तर : दाद मागता येते, पण मागच्या वेळी पास झाला होता हा मुद्दा त्यात ग्राह्य धरला जात नाही. तपासनीस हे बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक असतात आणि एखादी गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटू शकते. सुटलेली गोष्ट म्हणजे परवानगी नव्हे. शिवाय नियमपुस्तकात हंगामाच्या मध्येही दुरुस्त्या होतात, म्हणून मे-जूनमध्ये छापून घेतलेली प्रत डिसेंबरात विश्वासाची राहत नाही.

शंका असलेल्या भागाविषयी खरेदीपूर्वीच लेखी विचारावे. व्हेक्स आणि फर्स्ट टेक चॅलेंज या दोन्हींची अधिकृत प्रश्नोत्तरांची व्यवस्था आहे आणि तेथे मिळालेले उत्तर सर्व संघांना लागू होते. प्रश्न विचारताना संबंधित नियमाचा क्रमांक द्यावा आणि एका वेळी एकच गोष्ट विचारावी. स्पर्धेच्या दिवशी त्या उत्तराची छापील प्रत, भागाचे बिल आणि त्याचे तांत्रिक माहितीपत्रक एका फायलीत ठेवून ती फाइल मुलांच्याच हाती द्यावी, कारण तपासनिसाशी बोलणे मुलांनी करायचे असते आणि मार्गदर्शकाने मध्ये बोललेले बहुतेक तपासनिसांना आवडत नाही. एवढे करूनही भाग नाकारला गेला तर वाद वाढवण्याआधी रोबोट दुरुस्त करून पुन्हा तपासणीला नेता येतो का, हे पाहावे. बहुतेक स्पर्धांत फेरतपासणीला वाव असतो. मात्र त्यासाठी यादीतला पर्यायी भाग आणि तो बसवायला लागणारे नेमके स्क्रू घरून निघतानाच पेटीत घातलेले असावेत.